पुढचा बॉक्स घेऊ नकोस

प्रिय,

परवा विश्रामबागेत भेटलास तेव्हा विचारलंस, "मावशी, आता कुठला बोर्ड गेम घेऊ, अझूल की पँडेमिक?" आणि त्याच दमात म्हणालास, सांगलीत खेळायला माणसंच मिळत नाहीत, पुण्याला बदली मागावी म्हणतो. रस्त्यात काही बोलले नाही. घरी येऊन चिडले.

काहीही घेऊ नकोस. तुझ्याकडे कपाटभर खेळ आहेत, आणि काहींच्या फरशा अजून पुठ्ठ्यातून सुट्ट्यासुद्धा केलेल्या नाहीस. जर्मनीत 1979 पासून दरवर्षी एका खेळाला 'श्पील देस यारेस', म्हणजे वर्षातला उत्तम खेळ, हा पुरस्कार मिळतो, ती यादी तुला पाठ आहे. दर ऑक्टोबरला एसेनच्या जत्रेत हजारावर नवे खेळ येतात, त्यांचे व्हिडिओ तू रात्र-रात्र बघतोस. बघ बापडा. पण त्याला खेळणं म्हणू नकोस.

एक खेळ, एक वार, तीच माणसं. माझ्याकडे दुसरं काही सांगण्यासारखं नाही.

आमच्याकडे शनिवारी कटान मांडतात. 1995 चा खेळ, तुझ्या लेखी जुनाट. फाशांवर पडलेल्या आकड्याची चकती ज्या जमिनीवर, तिथल्या गावाला वीट, मेंढी असा माल मिळतो; तो एकमेकांत बदलून गावं वाढवायची. त्याचं गणित पहिल्याच डावात कळतं: दोन फाशांच्या 36 शक्यतांत सहा आणि आठ पाच-पाच वेळा, दोन आणि बारा एकेकदाच, सात सर्वांत जास्त म्हणजे सहा वेळा. म्हणून सातची चकती ठेवलेली नाही, सात पडला की जमीन अडवणारा चोर हलतो. इथपर्यंत कोणीही येतं. पुढचं कळायला तीच माणसं समोर लागतात. आमच्यातले एक जण मार्केट यार्डात हळदीचे सौदे करतात. ते "वीट नको बुवा" म्हणायला लागले की ओळखायचं, विटेवाचून अडलंय. डावाच्या सुरुवातीला पहिलं गाव मांडणाऱ्याला दुसरं सगळ्यांच्या शेवटी मिळतं आणि शेवटच्याला दोन्ही लागोपाठ. तर या गृहस्थांना कायम शेवटचा नंबर हवा असतो, आणि तो मिळू नये म्हणून आमचं दर शनिवारी नव्याने भांडण. एक शिक्षिका आहेत, त्यांचे आठ गुण झाले, म्हणजे जिंकण्याच्या तोंडाशी आल्या, की त्या एकदम उदार होतात, मागेल त्याला मेंढी. आता आम्ही सावध असतो. हे कुठल्या नियमपुस्तिकेत सापडेल तुला? आणि दर वेळी नवा बॉक्स उघडलास तर कधी सापडेल?

माणसं नाहीत म्हणे! भाऊसाहेब पडसलगीकरांनी ज्या गावात नूतन बुद्धिबळ मंडळ उभं केलं, त्या गावाबद्दल बोलतोयस. माणसं तुझ्याकडे आली होती रे. तू त्यांना पाऊण तास नियम वाचून दाखवलेस. पत्त्यांतलं लाडीस तुला कोणी वाचून शिकवलं होतं? आजीने शेजारी बसवून "हुकूम बघ आणि टाक" म्हटलं असेल. आणि पुढच्या खेपेला, जेमतेम जमायला लागलं तोवर तू खेळच बदललास. मग ती कशाला येतील?

मला हेकेखोर म्हणतात, माहीत आहे. दिराच्या मुलाच्या साखरपुड्यातून जेवून लगेच निघाले, ते जाऊबाई अजून ऐकवतात. पुरुषांचा कट्टा रोज संध्याकाळी भरतो, त्याला कोणी काही म्हणत नाही. बाईने आठवड्याचे तीन तास राखले की तो हट्ट. असू दे हट्ट. दर आठवड्याला नवा खेळ हवा म्हणणारा एक फार चांगला खेळाडू आमच्यातून गेला. त्याची सौद्यातली जीभ आठवली की अजून वाईट वाटतं. त्याच्यासाठी थोडं वाकायला हवं होतं असं बाकीच्यांना वाटतं. मला नाही वाटत. तो नव्या बॉक्ससाठी यायचा, आमच्यासाठी नाही, आणि बॉक्स कधीतरी जुना होतोच. एक खेळ, एक वार, तीच माणसं, यातलं एक जरी सोडलं असतं तर आज शनिवारी माझ्या दारात चपला दिसल्या नसत्या.

असो. माझं पुराण पुरे.

तुझ्याकडे कार्कासोन आहे, फरशीला फरशी जोडत नकाशा मांडायचा खेळ. 72 फरशा, पाऊण तासात उरकतो, दोघांतही रंगतो. पहिल्या दिवशी शेतकऱ्यांचा नियम शिकवू नकोस. शेताचे गुण शेवटी मोजताना नवीन माणूस हमखास वैतागतो. रस्ते, शहरं, मठ एवढं पुरे. कुठलाही एक वार धर. भडंग ठेव, पण हात पुसायला फडकं दे, तेलकट बोटांनी पुठ्ठा खराब होतो. कोणी नाही आलं तरी त्या संध्याकाळी फरशा मांडून ठेव, दुसरीकडे कुठे जाऊ नकोस.

मागच्या वेळी जी मुलगी अर्ध्या डावातून उठून गेली, तिला आधी फोन कर. नाही म्हणाली तर पुढच्या आठवड्यात परत कर. आणि बदलीचा अर्ज दिवाळीपर्यंत तरी लिहू नकोस.

तुझी,
मावशी