फोटो नेटवर टाकण्याआधी

आपले फोटो चोरीला जाऊ नयेत आणि न विचारता एआयला शिकवण्यासाठी वापरले जाऊ नयेत, असं वाटणाऱ्या फोटोग्राफरसाठी हे आहे. वेबसाइट नवीन असेल, तर सुरुवातीलाच सगळं नीट बसवता येईल. मूळ फाइल कधीच चढवू नका. लांब बाजू १२०० पिक्सेलपर्यंत आणा, जेपेगची क्वालिटी ७०-७५ ठेवा. पडद्यावर फोटो छान दिसतो, पण चोराच्या हाती मोठी प्रिंट लागत नाही. एक्सपोर्ट करताना मेटाडेटातलं (फाइलमध्ये दडलेल्या माहितीतलं) नाव आणि कॉपीराइट राहू द्या, जीपीएस, म्हणजे फोटो कुठे काढला ते, मात्र काढा.

मग रोबोट्स डॉट टीएक्सटी, म्हणजे बॉटना (आपोआप साइट वाचत फिरणाऱ्या प्रोग्रॅमना) काय घेऊ नये ते सांगणारी फाइल. त्यात जीपीटीबॉट (ओपनएआयचा), सीसीबॉट (कॉमन क्रॉल या वेबपानांच्या साठ्याचा) आणि गूगल-एक्सटेंडेड (गूगलच्या एआयसाठीचं नाव) यांना मनाई लिहा. गूगल-एक्सटेंडेड अडवल्याने गूगल सर्चमधून तुम्ही गायब होत नाही, ती भीती काढून टाका. फाइल साइटच्या मुळाशीच हवी. उपफोल्डरमध्ये ठेवली तर कुणी वाचत नाही. आणि ही फक्त पाटी आहे, कुलूप नव्हे. न जुमानणाऱ्या बॉटसाठी क्लाउडफ्लेअर या साइटच्या पुढे पहारा देणाऱ्या सेवेतला एआय बॉट अडवण्याचा पर्याय चालू करा, तो मोफत प्लॅनमध्येही मिळतो.

एआयला चित्रं शिकवण्यासाठी वापरलेला लायन-५बी हा २०२२ चा डेटासेट कॉमन क्रॉलवरूनच बनला. त्यात चित्रं नाहीत, चित्रांच्या लिंक आणि ऑल्ट मजकूर (वेबपानावर चित्रासोबत दिलेलं वर्णन) आहे. म्हणून आधीपासून नेटवर असलेल्या जुन्या फोटोंचे पत्ते (लिंक) बदला: पुढे कुणी ती यादी घेऊन डाउनलोड करायला बसला, तर त्याला रिकामं पान मिळेल. आधीच उतरवलेलं मात्र परत येत नाही.

चित्रात बारीक बदल करून एआयला चकवणारं शिकागो विद्यापीठाचं ग्लेझ हे सॉफ्टवेअर मुख्यतः चित्रकारांची शैली वाचवण्यासाठी आहे. फोटोग्राफरने त्यावर भिस्त ठेवू नये. आकाशासारख्या सपाट भागात त्याचे डाग उठून दिसतात.