विचारा बिनधास्त : बीपीच्या गोळ्या एक दिवसाआड चालतात का?

प्रश्न : ताई, आम्ही विडी घरकुलात राहतो. मिस्टर यंत्रमागावर आहेत पण दिवाळीपासून कारखाना आठवड्यात तीन-चार दिवसच चालतोय, मी आणि सासूबाई विड्या वळतो. दोन लेकरं शाळेत, बचत गटाचा हप्ता आणि फायनान्सवाल्याचा वेगळा. खर्च कमी करायचा म्हणून दूध बंद केलं, मोठ्याची ट्युशन बंद केली, डाळ आठवड्यातून दोनदाच. सासूबाईंना बीपी आणि शुगर आहे, गोळ्या महाग पडतात म्हणून त्या स्वतःहूनच एक दिवसाआड घेतात, म्हणतात मला काय होत नाय. असं चालतं का? आणि अजून काय कमी करता येईल? मला पण उठताना चक्कर येते पण ते उन्हानं असेल.
(एक वाचक, सोलापूर)

उत्तर : नाही चालत. हे आधी सांगून टाकते, मग बाकीचं बोलू.

बीपी वाढलं तरी बहुतेकांना काही कळत नाही, म्हणून तर सासूबाईंना वाटतं गोळी नाही घेतली तरी ठीक आहे. गोळीचा असर त्या त्या दिवसापुरता असतो, एक दिवसाआड घेतली की बीपी वरखाली होत राहतं आणि एखाद्या दिवशी लकवा मारला तर त्या तर अंथरुणाला खिळतीलच पण त्यांचं करायला तुलाही घरी बसावं लागेल, म्हणजे विड्यांचे दोन्ही हात थांबले. काहीजण गोळी अर्धी तोडून घेतात, तेही डॉक्टरला विचारल्याशिवाय नको, शुगरच्या काही गोळ्या पोटात हळूहळू विरघळायच्या असतात, त्या तोडायच्या नसतात.

मी बरीच वर्षं सरकारी दवाखान्यात समाजसेवा अधीक्षक होते, केस पेपरच्या खिडकीपासून आयसीयूच्या दारापर्यंत लोकांचे हिशोब ऐकलेत. घरात पैसा आटला की कात्री जवळपास सगळीकडं एकाच क्रमानं फिरते. आधी दूध-फळं, मग डाळ-अंडी, मग म्हाताऱ्या माणसाच्या गोळ्या, आणि घरातली बाई स्वतःला तर दाखवतच नाही. हप्ता मात्र कधी चुकत नाही कारण हप्तेवाला दारात येऊन उभा राहतो, बीपी काय दारात येऊन ओरडत नाही. एंगेल नावाच्या जर्मन आकडेतज्ज्ञानं १८५७ मध्येच मांडून ठेवलंय की घर जितकं गरीब तितका कमाईतला मोठा वाटा खाण्यावर जातो. म्हणजे कापायला बाकी काही उरतच नाही, मग ताटातलं आणि औषधातलंच कापलं जातं.

त्यामुळं आणखी काय कापू हे विचारायच्या आधी जे फुकट मिळायला पाहिजे ते सगळं घरात येतंय का ते बघ. महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात बीपी-शुगरची तपासणी आणि गोळ्या मोफत मिळतात, जुनी चिठ्ठी आणि रिकामी पाकिटं घेऊन सासूबाईंना एकदा घेऊन जा, नाव लागलं की पुढं सोपं जातं. तिथं कधी स्टॉक संपलेला असतो, हे मी लपवत नाही. तेव्हा जनऔषधी केंद्रात जा, ब्रँडच्या मानानं ५० ते ९० टक्के स्वस्त पडतं. फक्त डॉक्टरांना सांगायचं की गोळीतल्या औषधाचं नाव लिहून द्या, कंपनीचं नको. लाजायचं नाही, "एवढे पैसे नाहीत, यातलं कुठलं औषध आत्ता गरजेचं आहे" असं डॉक्टरला तोंडावर विचारायचं. बरेच डॉक्टर टॉनिक आणि कॅल्शियम स्वतःच खोडून देतात बघ.

आणि अगं, तुझी चक्कर. एवढ्या मोठ्या पत्रात स्वतःबद्दल एक ओळ, ती पण उन्हावर ढकललेली! दिवसभर सूप मांडीवर घेऊन तंबाखूच्या धुरळ्यात बसायचं, सगळ्यात शेवटी जेवायचं, त्यात डाळ आठवड्यातून दोनदाच. सासूबाईंना नेशील त्याच दिवशी तुझं पण हिमोग्लोबिन तपासून घे, कमी निघालं तर लोहाच्या गोळ्या तिथंच मिळतील. दोघींचं एकाच खेपेत झालं तर रिक्षाचे आणि बुडालेल्या विड्यांचे पैसे पण एकदाच जातात, मोफत दवाखान्याचा खरा खर्च तोच असतो. तुझ्याकडं किंवा सासूबाईंकडं विडी कामगाराचं ओळखपत्र असेल तर विडी कामगारांसाठीचे कल्याण दवाखाने पण आहेत, ते कार्ड ट्रंकेत ठेवू नको.

रेशनकार्डावर तुझं आणि लेकरांचं नाव आहे का? प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो धान्य मिळतं आणि २०२३ पासून ते मोफत आहे. लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी सुनेचं नाव माहेरच्याच कार्डावर, असं किती घरांत बघितलंय. तिकडून कमी करून दाखला आणायचा आणि इकडं लावायचं. तीन नावं राहिली असतील तर महिन्याला १५ किलो होतात. त्यातून वाचलेल्या पैशात डाळ परत आण, रोज पातळ चालेल पण रोज. शेंगाचटणी-भाकरी तर आहेच आपली, शेंगा पण पोटाला लागतात.

हप्त्यांचं एकच सांगते, एक फेडायला दुसरं कर्ज काढू नको. बचत गटात तोंड उघडून सांग की काम कमी झालंय, मुदत वाढवा, गटातल्या बाया पण त्याच गल्लीतल्या आहेत, त्यांना कळतं. ट्युशन बंद केलीस ते ठीक आहे, शाळा सोडवू नको. पहिली ते आठवीच्या लेकरांना सरकारी आणि अनुदानित शाळेत दुपारचं जेवण मिळतं, हे पण घरखर्चातच धर.

प्रश्न : मी टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहे. बायकोचं पित्ताशयाच्या खड्याचं ऑपरेशन सांगितलंय, एका खाजगी दवाखान्यानं आधी डिपॉझिट भरा म्हणून सांगितलं. बायको म्हणते दुखणं सहन करते, गावाकडच्या शेळ्या-मेंढ्या विकू नका. काय करू?

उत्तर : भाऊ, शेळ्या राहू द्या, आधी पगाराची स्लिप काढा. तुमचा ईएसआय, म्हणजे कामगार विमा, कापला जातो का बघा, कामगाराचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के असतात. पगार २१ हजारांपर्यंत असेल आणि कारखाना त्यात नोंदलेला असेल तर बायकोचा पण इलाज त्यात बसतो, रोजच्या औषधासकट. कापतात पण कार्ड हातात दिलेलं नाही अशी खूप मंडळी मला भेटलीत, कारखान्याच्या ऑफिसात जाऊन नंबर मागून घ्या.

ते नसेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजना. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी नावानं ही योजना पहिल्यांदा ज्या आठ जिल्ह्यांत आली त्यात आपलं सोलापूर होतं, तरी अजून लोकांना वाटतं ती फक्त पिवळ्या कार्डवाल्यांची आहे. आता कुठल्याही रंगाचं रेशनकार्ड चालतं, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. पण दवाखाना योजनेत पाहिजे आणि ऑपरेशन यादीत पाहिजे, काही ऑपरेशनं फक्त सरकारी दवाखान्यातच होतात. दवाखान्यात योजनेचा माणूस, आरोग्यमित्र, बसतो, पैसे भरायच्या आधी त्याला गाठा, किंवा १५५३८८ वर फोन लावा. आधी भरून मग योजना विचारली की फार दमवतात.

तिसरा रस्ता धर्मादाय दवाखान्यांचा. ट्रस्टच्या मोठ्या दवाखान्यांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो, १ लाख ८० हजारांच्या आत मोफत, ३ लाख ६० हजारांच्या आत निम्मं. दाखला आजच टाकून ठेवा, त्याला वेळ लागतो. आणि वहिनींना सांगा, खड्याचं दुखणं सहन करून जात नाही, ताप आला किंवा डोळे पिवळे दिसले तर कागदपत्रांची वाट न बघता सरळ सिव्हिल हॉस्पिटल गाठायचं.

प्रश्न : माझं नवी पेठेत दुकान आहे. आमचा कामगार मोबाईल रिचार्ज मारतो, तंबाखूचा मावा खातो, गड्ड्याच्या जत्रेत पोरांवर पैसे उडवतो आणि आईच्या औषधाला मात्र माझ्याकडं उचल मागतो. आता तर सगळं सरकारी फुकट आहे. या लोकांना नियोजनच नको असतं असं नाही का वाटत?

उत्तर : माव्याबद्दल तुमच्याशी भांडत नाही, तो सुटला तर पैसा आणि तोंड दोन्ही वाचेल. रिचार्जचं म्हणाल तर रेशनच्या केवायसीपासून दवाखान्याच्या ओटीपीपर्यंत सगळं त्या मोबाईलवर येतं, तो बंद ठेवून फुकटातलं पण मिळणार नाही. आणि गड्डा वर्षातून एकदा येतो हो, पोराला पाळण्यात बसवलं म्हणून कोणी कंगाल होत नाही, सिद्धेश्वरांच्या यात्रेला तुम्ही पण जातच असाल.

सगळं फुकट हे अर्धंच खरं. ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत इलाज मोफत झालाय, पण मेडिकल कॉलेजला जोडलेलं सिव्हिल वेगळ्या खात्याकडं, तिथं थोडंफार शुल्क असतं. महात्मा फुले योजना आहे ती ॲडमिट झाल्यावरची, आईची रोजची गोळी त्यात नाही. सरकारच्याच हिशोबात आरोग्यावरच्या एकूण खर्चात लोकांनी खिशातून भरलेला वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. कमी झाला हे चांगलंच, पण १०० मधले ३९ अजून खिशातूनच जातात आणि ज्याचा खिसा लहान त्याला ते जास्त लागतात.

उचल देताय ते देत राहा. शिवाय सरकारी ओपीडी सकाळी असते आणि तुमचं दुकान पण सकाळीच उघडतं, तेव्हा महिन्यातून एक सकाळ त्याला पगार न कापता आईला घेऊन जाऊ द्या, म्हणजे उचल मागायची वेळच कमी येईल.