कार्ड रिंगचं नव्हे, न विचारता आत आल्याचं

साखळीच्या ताई, तुम्ही लिहिलंय की फुटबॉलच्या मॅचला मुलाने कानातल्या रिंगवर टेप लावली होती, रेफरीने ती काढायला बाहेर पाठवलं आणि काढून आत आला तर उलट पिवळं कार्ड, म्हणजे ताकीद, दाखवलं. आता तक्रार कुठे करायची? वाचताना पोटात कालवलं. गोव्यात डिचोलीकडच्या एका गावची टीम मी बरीच वर्षं सांभाळली आहे, आणि हेच आमच्यासोबत सेमीफायनलला झालं.

टेपवरून भांडू नका. फुटबॉलच्या चौथ्या नियमात दागिने पूर्ण बंद आहेत, रबराचा बँडसुद्धा, आणि टेपने झाकलेलेही चालत नाहीत. पण फक्त रिंग सापडली म्हणून कार्ड मिळत नाही. काढायला नकार दिला किंवा काढून पुन्हा घातली तर मिळतं. तुमच्या मुलाला मिळालं ते बहुधा आत येण्यावरून.

आमच्या स्टॉपरच्या, म्हणजे मधल्या बचावपटूच्या, हातात चांदीचं कडं होतं. रेफरीने बाहेर काढलं, त्याने कडं माझ्या हातात दिलं. लाइनमनने हात बघून मान डोलावली आणि मी ओरडलो, "जा रे आत!" ती माझी चूक. तपासणी लाइनमन करू शकतो, पण आत येण्याची परवानगी फक्त रेफरीची. खेळ चालू असतानाही ती मिळते, त्याने हात करेपर्यंत टचलाइनवर, म्हणजे मैदानाच्या बाजूच्या रेषेवर, थांबायचं एवढंच. आमचा पोरगा थांबला नाही, धावत जाऊन त्याने बॉल अडवला. न विचारता आत येऊन खेळात ढवळाढवळ केली की समोरच्यांना डायरेक्ट फ्री किक, म्हणजे थेट गोलवर मारता येणारी किक. आपल्या पेनल्टी एरियात असता तर पेनल्टीच. त्याला आधीच एक पिवळं होतं, त्यामुळे हे दुसरं म्हणजे लाल. उरलेला अर्धा तास दहा जण चिखलात धावले आणि आम्ही हरलो. त्या पोराची काहीच चूक नव्हती, आणि हे मी त्याच्या आईला घरी जाऊन सांगितलं.

त्यानंतर मी तक्रार घेऊन एका कार्यालयात गेलो. आधी लेटरहेड आणा, मग अध्यक्षांची सही, मग शिक्का. तिसऱ्या फेरीला कळलं की मुदत पहिल्याच दिवशी संपली होती. ते पहिल्याच दिवशी सांगायला काय जात होतं? शिवाय खेळातल्या घटनेवर रेफरीचा निर्णय अंतिम असतो, हेही तिथे कुणी बोललं नाही. मुलगा त्या कार्डामुळे पुढच्या मॅचला बाहेर बसणार नसेल तर माझ्या मते तुम्ही हा फेरा घेऊच नका. बसणार असेल तर स्पर्धेची नियमावली आजच मागून मुदत बघा. मी रेफरी नाही, आणि गावच्या स्पर्धांचे नियम थोडे वेगळे असू शकतात, तेव्हा तिथलं छापील पान बघूनच ठरवा.

कान नुकताच टोचला असेल तर मोसम संपेपर्यंत थांबायला हवं होतं, असं माझं स्पष्ट मत. अंगठी निघत नसेल तर साबण लावून घरीच काढा. आणि शिनगार्ड, म्हणजे नडगीवरची पॅडं, नीट मापाची घ्या. पोरं हल्ली बोटभर तुकडे घालतात; नियमाने ती जबाबदारी खेळाडूची आहे, पण हाड मोडल्यावर रात्री जागायचं आपल्यालाच असतं.