आंब्याच्या पैशातली पोर्शे

प्रश्न : नमस्कार काका, देवगड तालुक्यातून लिहितोय. आमची हापूसची बाग आहे, दोन सीझन बरे गेले आणि चाळिशीत एक हौस करायचीय, उघड्या टपाची पोर्शे. बायको सोडून घरात कोणाला सांगितलेलं नाही. दोन गाड्या बघून ठेवल्यात, दोन्ही २०१३ च्या बॉक्स्टर एस. एक दिल्लीची, डीलरकडे आहे, १४,००० किलोमीटर, ४६ लाख सांगतोय, फोटोत नव्यासारखी दिसते. दुसरी पुण्याची, मालक स्वतः विकतोय, ६१,००० किलोमीटर, ५१ लाख, बंपरवर दगडांचे टवके आहेत. मित्र म्हणतात डोळे मिटून दिल्लीची घे, कमी चाललीय. कोकणात ही गाडी टिकेल का आणि वर खर्च किती धरू?
— एक बागायतदार

उत्तर : बायकोला सांगितलंत ते बरं केलंत, गाडी दोनच सीटची आहे, दुसऱ्या सीटवर कोण यावरून घराघरात महाभारत झालेलं मी बघितलंय. मित्रांचं मात्र ऐकू नका.

इतक्या वर्षांत १४,००० म्हणजे महिन्याला शंभरेक किलोमीटर. ही गाडी बेसमेंटमध्ये उभी राहून म्हातारी झालीय. आंबा पेटीत बंद करून ठेवला म्हणून ताजा राहत नाही, हे तुम्हाला मी काय सांगणार! उभ्या गाडीत रबरी सील सुकतात, ब्रेकचं तेल ओल धरतं, टाकीतलं पेट्रोल शिळं होतं, टायर बसल्या जागी कडक होतात. डीलरला टायरच्या कडेवरचा चार आकडी नंबर दिसेल असा फोटो पाठवायला सांगा. १८१३ असा असेल तर टायर २०१३ च्या १८ व्या आठवड्यातला, म्हणजे फॅक्टरीतून आला तसाच आहे, आणि मग चारही बदलायचे हे धरूनच चला. एस मॉडेलला १९ इंची चाकं आहेत, पुढची मागची साइज वेगळी, आणि स्टेपनी नाहीच, फक्त पंक्चर भरायचं औषध आणि छोटा कॉम्प्रेसर. खड्ड्यात टायरची कड फाटली तर ते औषध काही कामाचं नाही, सरळ फ्लॅटबेड (गाडी पाठीवर उचलून नेणारा ट्रक) बोलवायची.

दुसरी शक्यता अशी की मीटर मागे फिरवलाय. इंजिनाच्या कंप्युटरमध्ये इंजिन एकूण किती तास चाललं ते वेगळं साठवलेलं असतं, पोर्शेच्या वर्कशॉपमधल्या टेस्टरवर ते दिसतं. किलोमीटरला तासांनी भागायचं. १४,००० ला ५०० तास निघाले तर सरासरी २८ चा वेग, शहरातल्या गाडीला ठीकच. तेच १,५०० तास निघाले तर सरासरी नऊ-साडेनऊवर येते, आता दिल्लीत ट्रॅफिक असतं मान्य, पण नऊच्या वेगाने तर दूधवाल्याची सायकलसुद्धा पुढे जाईल.

आणि ती पाच लाखांनी स्वस्त का, तेही बघा. दिल्लीत पेट्रोल गाडीला १५ आणि डिझेलला १० वर्षं अशी मर्यादा आली, हरित लवादाचा २०१५ चा आदेश, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने उचलून धरला, नंतर त्यात बदल होत गेले पण तिकडच्या मालकांच्या मनातली धाकधूक काही गेली नाही, म्हणून गाड्या बाहेर निघतात. ती आणून एमएच-०७ करायची म्हणजे दिल्लीच्या आरटीओची एनओसी, १२ महिन्यांच्या आत इथे नोंदणी, आणि महाराष्ट्राचा एकरकमी टॅक्स नव्याने. बॉक्स्टर इम्पोर्टेड आहे, इम्पोर्टेडला आपल्याकडे दर २० टक्के, गाडीच्या वयानुसार तो कमी होतो खरा, पण नक्की किती भरायचा तो आकडा आधी ओरोसला आरटीओत जाऊन कागदावर घ्या आणि मग डीलरशी बोला. मला वाटतं तुमचे पाच लाख तिथेच संपतील. शिवाय गाडी १५ वर्षांची झाली की फेरनोंदणी, इम्पोर्टेड चारचाकीची ती फी २०२२ च्या एप्रिलपासून ४०,००० रुपये झालीय.

इंजिनाबद्दल तुम्ही यूट्यूबवर बघून घाबरला असाल, आयएमएस बेअरिंग (इंजिनातल्या मधल्या शाफ्टचं) फुटलं आणि अख्खं इंजिन गेलं वगैरे. ती भानगड साधारण १९९७ ते २००८ च्या इंजिनांची. तुम्ही बघताय ती ९८१ पिढी २०१२ ला आली, तिच्या इंजिनात ते बेअरिंगच नाही. म्हणून उद्या कोणी २००६ ची बॉक्स्टर निम्म्या किमतीत दाखवली तर मोहात पडू नका. ९८१ मध्ये बघायचं ते म्हणजे कूलंटचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा) चेंजओव्हर व्हॉल्व्ह, वॉटर पंप, इंजिन माउंट आणि पीडीके (पोर्शेचा ऑटोमॅटिक) गिअरबॉक्सचं तेल वेळेवर बदललंय का, त्याचं बिल. पीडीके स्वतः दणकट आहे, पण बिघडला तर बिल बघून घाम फुटतो.

आता कोकण. गेल्या मे महिन्यात रत्नागिरीजवळ समुद्राकाठी राहणाऱ्या एका डॉक्टरांची बॉक्स्टर बघायला गेलो होतो, तक्रार एवढीच की एसी थंड करत नाही. एका गॅरेजवाल्याने दोनदा गॅस भरून पैसे घेतले होते. आम्ही पुढचा बंपर उतरवला. या गाडीचं इंजिन सीटच्या मागे आणि रेडिएटर पुढे, बंपरच्या दोन बाजूंच्या तोंडांत, आणि त्यांच्यापुढे एसीचे कंडेन्सर. त्या तोंडांतून ओंजळभर सुरूच्या काड्या निघाल्या, वाळू निघाली, आणि खोटं सांगत नाही, एक वाळकी कुर्ली निघाली. कंडेन्सरच्या पट्टीवर मी नुसतं बोट टेकवलं तर कुरडईसारखा चुरा झाला. ओला पालापाचोळा मिठाची ओल धरून बसतो आणि ॲल्युमिनियम खातो, एवढंच. डॉक्टरांच्या गाडीचं मीटर फक्त २२,००० दाखवत होतं. तुम्ही गाडी घेतलीत तर दरवर्षी मिरग लागायच्या आत बंपर उतरवून आतून गोड्या पाण्याने धुवा आणि त्या तोंडांना बारीक जाळी बसवून घ्या.

दुसरा शत्रू पाऊस. टपाच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांत पाणी वाहून जायला नळ्या असतात, त्यात पानं, मोहोर, धूळ अडकली की पाणी आत कार्पेटखाली उतरतं, आणि आपल्याकडे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्या नळ्या साफ करायला ग्रासकटरमधली नायलॉनची दोरी एकदम भारी काम करते, ती तुमच्या बागेत आहेच, हळूच घालायची, जोर नाही करायचा, नळी आत निसटली तर वाटोळं.

तिसरी गंमत बॅटरीची. बॅटरी पुढच्या डिकीत आणि त्या डिकीचं कुलूप विजेवर. म्हणजे बॅटरी मेली की बॅटरीपर्यंत पोचायला बॅटरी लागते! त्यासाठी फ्यूजबॉक्समध्ये एक टर्मिनल बाहेर ओढता येतं, त्याला दुसऱ्या बॅटरीचा करंट द्यायचा की कुलूप उघडतं. हे गाडी घेतानाच मालकाकडून करून बघा, नाहीतर भर पावसात गावातला मेकॅनिक पुढे मागे शोधून "इंजिनच नाय रे ह्येच्यात" म्हणून डोकं खाजवत उभा राहील. (मागच्या डिकीत बघाल तर फक्त तेल आणि कूलंट भरायची तोंडं.) पावसाळाभर ट्रिकल चार्जर (बॅटरी हळूहळू भरत ठेवणारा) लावून ठेवा, लाईट जाते येते, तरी बरा. आणि उंदरांचा बंदोबस्त करा, काजूच्या गोण्या आणि पोर्शे एकाच खोपीत नको.

खर्च किती? पार्टला तुम्ही गाडी कितीला घेतलीत हे माहीत नसतं. ५१ लाखांत घेतलेल्या गाडीचे पार्ट कोटीच्या वरच्या गाडीच्या भावाने येतात. मी स्वतः अशा गाडीला पहिल्या वर्षी किमतीच्या १२ ते १५ टक्के बाजूला ठेवायला सांगतो, म्हणजे तुमच्या हिशेबाने सहा ते साडेसात लाख, विमा आणि पेट्रोल वेगळं. लागले नाहीत तर आनंद. ते बाजूला ठेवल्यावर खत-फवारणीचे पैसे ओढाताणीचे होत असतील तर एक सीझन थांबा, गाड्या कुठे पळून जात नाहीत. पोर्शेचं वर्कशॉप मुंबईला, तेव्हा प्रत्येक सर्व्हिसला दोन दिवस आणि एनएच-६६ ची वारी धरा.

तर माझं मत पुण्याच्या गाडीला. दगडांचे टवके म्हणजे ती हायवेला चाललीय, गरम होऊन नीट थंड झालीय. पण आधी मालकाला सांगून ती मुंबईच्या वर्कशॉपमध्ये लिफ्टवर चढवा, तासांचा रिपोर्ट काढा, सिलिंडरमध्ये कॅमेरा घालून ओरखडे बघून घ्या. मालक आढेवेढे घेत असेल तर तिथेच नमस्कार करून या. फाइलमध्ये दरवर्षीचं बिल हवं, नुसते शिक्के नकोत. मालकी बदलायचे फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५, मूळ इन्व्हॉइस, हे सगळं हातात आल्याशिवाय टोकनच्या पलीकडे पैसे नाहीत, आणि रोखीचं बोलला तर दोन लाख किंवा त्यावर रोख घेणं कायद्यानेच बंद आहे. आणि सगळ्यात शेवटी पण खरं तर सगळ्यात आधी, तुमच्या घराचा जांभ्याचा चढ. मालकाला विचारून ती गाडी बुटक्या स्पीडब्रेकरवरून तिरकी काढून बघा, पुढचं नाक कुठे टेकतं ते कळेल, मग घरी येऊन चढाच्या सुरुवातीला फळी लावून मोजा. गाडी वर चढणार नसेल तर ती रोज रस्त्यावर शेजाऱ्याच्या गडग्याला लावायची वेळ येईल आणि मग कोणाला न सांगता ठेवलेली गोष्ट अख्ख्या वाडीला कळेल.

प्रश्न : भाऊ, मी चिपळूणची. मुलगा मुंबईत नोकरी करतो, त्याला एक मर्सिडीज एसएलके फारच स्वस्तात मिळतेय. आमच्या घरात २०२१ ला पाणी शिरलं होतं त्यामुळे मला सारखी शंका येते की ही पुरातली असेल. कसं ओळखायचं?

उत्तर : ताई, तुमची शंका योग्य आहे आणि पुराचा गाळ तुमच्याइतका कोण ओळखणार! तुम्हीच जा बघायला. सीट बेल्ट पार शेवटपर्यंत ओढा, खालच्या दोन वितीत मातकट रेघ किंवा वेगळा रंग दिसला की समजा. बेल्ट नवा कोरा आणि बाकी गाडी जुनी असेल तरी शंका घ्या. सीटच्या खालच्या रुळांवर, बोल्टवर गंज, कार्पेट उचलल्यावर खाली वाळलेला गाळ, फ्यूजबॉक्समध्ये हिरवट बुरशीसारखं काही, आणि खूप सेंट मारलेली गाडी, हे सगळं एकाच गोष्टीकडे बोट दाखवतं. मग विम्याचे कागद मागा, २२ जुलै २०२१ किंवा मुंबईच्या २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसानंतर मोठा क्लेम झालाय का, मालक लगेच बदललाय का. आरसीवर हे काही लिहिलेलं नसतं. एसएलकेचं कडक छप्पर घडी होऊन डिकीत जातं, त्याचा हायड्रॉलिक पंप डिकीतच असतो, तिथे पाणी गेलं की छप्पर अर्ध्यात अडकतं, म्हणून पाचदा उघडून बंद करून बघा. आणि मुलाला सांगून ठेवा, कधी पाण्यात गाडी बंद पडली तर परत स्टार्टर मारायचा नाही. सिलिंडरमधलं पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि त्याचं वेगळं कव्हर घेतलेलं नसेल तर विमा कंपनी हात वर करते.

प्रश्न : अलिबागला बीएमडब्ल्यू झेड-४, २०११ ची ३५आय बघितलीय. शनिवार-रविवार मुंबईहून रो-रोने (गाडी चढवता येते त्या बोटीने) ने-आण करायची आहे. घ्यावी का?

उत्तर : इंजिन मस्त, दोन टर्बोचं, चालवायला वेड लावतं, पण हाय प्रेशर फ्युएल पंप, इंजेक्टर आणि इलेक्ट्रिक वॉटर पंप ही तिची जगजाहीर दुखणी. तिन्ही बदलल्याची बिलं असतील तर घ्या, नसतील तर तेवढे पैसे किमतीतून कापा. २०२० पासून भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो झाली हे आपलं भाग्य, पण भरती-ओहोटीप्रमाणे रॅम्पचा उतार बदलतो, बुटक्या गाडीचं नाक तिथे घासतं, तेव्हा तिरकं आणि सावकाश चढवायला सांगा, मागचा हॉर्न मारत बसला तर मारू दे. घरी पोचलात की त्याच संध्याकाळी खालून पाणी मारा.

प्रश्न : काका, जुन्या स्पोर्ट्स कारला २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल चालेल का? — गुहागर

उत्तर : रोज चालवत असाल तर गाडी लगेच मरत नाही, मायलेज थोडं पडेल. उभी ठेवत असाल तर मात्र इथेनॉल ओल ओढून घेतं आणि जुने रबरी पाइप, सील आधी तक्रार करतात. इथेनॉल टाळायचं म्हणून १०० ऑक्टेनचं पेट्रोल शोधाल, तर ते तुमच्या पंपावर बहुतेक मिळणार नाही, तेव्हा मुंबई-पुण्याला गेलात की टाकी तिथे भरून या, आणि पावसाळ्यात गाडी झाकायच्या आधी पंधरा दिवस ती चालवून टाकी रिकामी करत आणा. कॅनमध्ये पेट्रोल साठवून ठेवायची आयडिया तुम्ही पत्राच्या मागच्या पानावर लिहिलीय, ती तिथेच राहू दे.