आजोबांच्या नावावरचा सरबताचा स्टॉल

आपल्या पत्रासारखी पत्रे उन्हाळा लागला की येऊ लागतात. कोल्हापुरातल्या रविवारच्या शेतकरी बाजारात आपली अकरा वर्षांची मुलगी घरच्यांसोबत लिंबू सरबत विकते, बाहेरचा नोकर कोणी नाही, तरी कामगार कार्यालयाची नोटीस कशी, असे आपण विचारता. चौदा वर्षांखालील मुलांना कामाला ठेवण्याची बंदी आणि सुट्टीत वा शाळेनंतर कौटुंबिक व्यवसायात मदत करण्याची सवलत, दोन्ही आपण स्वतःच लिहिली आहेत. त्यांची उजळणी करत नाही.

जे आपण वाचलेले दिसत नाही, ते बालकामगार कायद्याच्या त्याच कलम 3 च्या स्पष्टीकरणात आहे. 1986 च्या या कायद्यात 2016 साली झालेल्या दुरुस्तीनुसार ‘कुटुंब’ म्हणजे मुलाचे आई, वडील, भाऊ, बहीण, आत्या, काका, मावशी आणि मामा. आजोबा त्यात नाहीत. बाजारातील जागेची पावती आणि अन्न नोंदणी मात्र आपण, केवळ आपल्या वडिलांची, म्हणजे मुलीच्या आजोबांची, कागदपत्रे हाताशी होती म्हणून, त्यांच्या नावे करून घेतलीत. पहिल्या गुन्ह्यासाठी आईवडिलांना किंवा पालकाला शिक्षा होत नाही. मुलीचे वडील म्हणजे आपण हयात असताना आजोबांना ‘पालक’ ठरवणे अवघड, त्यामुळे 20,000 ते 50,000 रुपये दंड किंवा सहा महिने ते दोन वर्षे कैद, अथवा दोन्ही, ही टांगती तलवार आपल्यावर नसून त्यांच्यावर आहे. एकाच घरात राहणाऱ्या आजोबांना परके मानणे कायद्याला अभिप्रेत नसावे, असा युक्तिवाद करता येईल. तो टिकेलच असे सांगत नाही, आणि त्याचा निकाल लागेपर्यंत आपली मुलगी कॉलेजात गेलेली असेल.

म्हणूनच नोटिशीचे उत्तर महत्त्वाचे होते. सात दिवसांत खुलासा मागितलेला कागद आपण महिनाभर कपाटात ठेवलात, कारण ‘सीझन चालू होता’. आता या आठवड्यात विलंबाचे खरे कारण लिहून उत्तर द्या, सोबत शाळेचा हजेरीपट जोडा. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला 1917 सालीच दरमहा एक रुपया दंड लावणारे हे संस्थान होते; इथे हजेरीपटाला वजन असते. जागा व नोंदणी स्वतःच्या किंवा पत्नीच्या नावे नव्याने घ्या, पण ती आजच्या तारखेची. मागील तारखेचा करारनामा करण्याची आपली सूचना मी वाचलीच नाही असे समजतो.

नाव बदलले म्हणून सारे सुटले, असे नाही. 2017 च्या नियमांनुसार मुलाने सकाळी आठपूर्वी आणि संध्याकाळी सातनंतर काम करायचे नाही, दिवसाला तीन तासांहून अधिक नाही, आणि ज्या टप्प्यावर मुलाला, कुटुंबाला किंवा व्यवसायाला मोबदला मिळतो त्या टप्प्यावर मुळीच नाही. हा शेवटचा नियम शब्दशः लावला तर गल्ल्यावर बसणे सोडाच, लिंबे पिळणेही अडचणीचे ठरू शकते. अधिकारी तो किती ताणतील हे त्यांच्यावर अवलंबून. आपण पाठवलेल्या छायाचित्रात बरणीला मुलीच्या बँक खात्याचा क्यूआर कोड चिकटवलेला आहे आणि मागच्या घड्याळात सव्वासात वाजले आहेत. तो कोड आजच काढा. जुने व्यवहार लपवू नका, विचारले तर खातेउतारा द्यावा लागेल.

नोटीस, पावती आणि नोंदणीपत्राची मूळ प्रत घेऊन याल तेव्हा आपल्या वडिलांना बरोबर आणा. खुलाशावर सही त्यांचीच लागेल.