ट्रक वाटेत बंद पडला आणि ई-वे बिलाची मुदत संपली, तर दंड कोणी भरायचा?

प्रश्न: मी खानापूर तालुक्यातील एकाच ट्रकचा मालक आहे. बेळगावच्या उद्यमबागेतील फाउंड्रीचे कास्टिंग (ओतीव लोखंडी भाग) तमिळनाडूतील होसूरला नेताना हिरियूरजवळ गिअरबॉक्स निकामी झाला. सुटे भाग मिळून गाडी चालू होईपर्यंत पाच दिवस गेले. पुढे तुमकूरजवळ जीएसटी अधिकाऱ्यांनी मुदत संपलेल्या ई-वे बिलावरून (मालाच्या वाहतुकीसाठी जीएसटीखाली ऑनलाइन काढायचे बिल) ट्रक मालासह अडकवला. नोटीस कन्नडमध्ये असून तीत 200 टक्के दंड मागितला आहे. हा दंड मी भरायचा का?

उत्तर: प्रथम 200 टक्क्यांची धास्ती सोडावी. जीएसटी कायद्याच्या कलम 129 नुसार मालाचा मालक पुढे आला, तर हा दंड मालाच्या किमतीवर नव्हे, देय करावर मोजतात. माल दोन लाखांचा आणि कर 18 टक्के धरला, तर कर 36,000 आणि दंड 72,000 रुपये होतो. त्यामुळे मालाचा मालक म्हणून फाउंड्रीने स्वतः हजर राहणे फार महत्त्वाचे आहे. मालक पुढे न आल्यास रक्कम बरीच वाढते. फाउंड्रीला आजच लेखी कळवावे. तेवढ्याच रकमेची बँक हमी देऊनही माल आणि गाडी सोडवता येते.

आता आपल्या बाजूचा कच्चा दुवा. ई-वे बिलाला दर 200 किलोमीटरला एक दिवस मिळतो, म्हणजे होसूरपर्यंत तीन दिवस. मुदत संपण्याआधी किंवा संपल्यानंतर आठ तासांत वाहतूकदाराला ती वाढवून घेता येते, आणि ती का वाढवली नाही हे आपल्याला विचारले जाईलच. चालकाला ठाऊक नव्हते, हे खरे असेल तर तसेच लिहावे.

तरीही केवळ मुदत संपली म्हणून कर चुकवण्याचा हेतू गृहीत धरता येत नाही. तेलंगणातील सत्यम शिवम पेपर्स प्रकरणात, आंदोलनामुळे रस्ता अडून बिलाची मुदत संपली असताना, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2022 मध्ये हीच भूमिका उचलून धरली. अधिकाऱ्याचा खरा संशय असा असतो की, त्याच बिलावर दुसरी खेप मारली गेली असावी. तो खोडून काढायला फास्टॅगच्या नोंदी सर्वांत उपयोगी पडतील. हिरियूरच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या टोलनाक्यांमध्ये पाच दिवसांचे अंतर दिसले, की गाडी जागची हलली नव्हती हे सिद्ध होते. त्यासोबत क्रेनची पावती, गॅरेजचे बिल, उघडलेल्या गिअरबॉक्सचे तारखेसह फोटो, बिल्टी (मालवाहतुकीची पावती) आणि कर दाखवणारे इनव्हॉइस जोडावे.

कन्नड मजकूर वाचून घेतल्याशिवाय चालकाने कोणत्याही जबाबावर सही करू नये; आपल्या भागात याच घाईतून पुढे फार त्रास होतो. नोटिशीला उत्तर लगेच द्यावे, कारण ती बजावल्यापासून सात दिवसांत आदेश काढायचा असतो.

आदेश विरुद्ध गेला आणि त्यानंतर 15 दिवसांत दंड भरला गेला नाही, तर माल विकून वसुली होऊ शकते. मात्र आपला ट्रक दंडाची रक्कम किंवा एक लाख रुपये, यांपैकी जे कमी असेल ते भरून सोडवता येतो. नाइलाजाने पैसे भरावे लागले, तरी कारणांसह लेखी आदेश आग्रहाने मागून घ्यावा. त्यावर कलम 107 खाली तीन महिन्यांत अपील करता येते.