मोल हे वजन आहे की संख्या?

तुमचा प्रश्न असा आहे की, बारावीपर्यंत ‘वस्तुमान भागिले रेणुवस्तुमान’ या सूत्रावर मोलची सगळी गणिते सुटली, परंतु बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आल्यावर मोल हे वजन आहे की संख्या, आणि त्यामागचा तो विचित्र आकडा कोणी ठरवला, हेच सांगता येईनासे झाले. मी पदवीच्या वर्गांना रसायनशास्त्र शिकवतो. ही अडचण दरवर्षी समोर येते आणि तिचा दोष मी विद्यार्थ्यांना देत नाही. सूत्र आधी आणि कल्पना नंतर सांगण्याची सवय आम्हा शिक्षकांचीच आहे.

मोल ही मोजदाद आहे, वजन नव्हे. डझन म्हटले की बारा, तसे एक मोल म्हटले की ६.०२२१४०७६ गुणिले १० चा तेविसावा घात इतके कण. एवढे कण एकेक करून मोजणे अशक्य असल्यामुळे आपण ते तोलतो. हार्डवेअरच्या दुकानातही नट-बोल्ट मोजत बसत नाहीत, किलोवर देतात. मात्र एका बोल्टला दोन नट लागत असतील आणि तुम्ही दोन्ही एकेक किलो आणले, तर जोडण्या किती होतील हे किलोच्या आकड्यावरून कळणार नाही. त्यासाठी एका नटाचे आणि एका बोल्टचे वजन ठाऊक असावे लागते. ते काम इथे रेणुवस्तुमान करते.

आता १० ग्रॅम हायड्रोजन आणि १० ग्रॅम ऑक्सिजन घ्या. किती पाणी तयार होईल, असे विचारल्यावर निम्मा वर्ग २० ग्रॅम म्हणतो. प्रत्यक्षात हायड्रोजनचे सुमारे ५ मोल आहेत, तर ऑक्सिजनचे केवळ ०.३१२५, ऑक्सिजनच्या एका रेणूला हायड्रोजनचे दोन रेणू लागतात, म्हणून ०.६२५ मोल, म्हणजे जवळपास ११.२५ ग्रॅम पाणी होते आणि ८.७५ ग्रॅम हायड्रोजन तसाच उरतो. समीकरणातले सहगुणक ग्रॅमचे नसून कणांच्या संख्येचे असतात, एवढे ध्यानात आले की ‘लिमिटिंग रिएजंट’ (आधी संपून अभिक्रिया थांबवणारा पदार्थ, इथे ऑक्सिजन) हे वेगळे प्रकरण राहत नाही.

आकडा विचित्र दिसतो तो ग्रॅममुळे. अणुवस्तुमानाचा आकडा ग्रॅममध्ये तोलला की बरोबर एक मोल भरावा, अशी सोय आधी ठरली आणि संख्या मागाहून मोजावी लागली. ग्रॅम वेगळा असता तर हा आकडाही वेगळा आला असता. ज्यांचे नाव त्याला आहे त्या इटालियन शास्त्रज्ञ आवोगाड्रोंनी तो कधी मोजला नाही. समान तापमान व दाब असताना वायूंच्या समान आकारमानात रेणूंची संख्या समान असते, एवढेच त्यांनी १८११ मध्ये मांडले. १८५६ मध्ये ते वारले, रेणूच्या आकाराचा अंदाज ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ लोश्मिट यांनी १८६५ मध्ये बांधला आणि आवोगाड्रोंचे नाव त्या संख्येला फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ पेराँ यांनी १९०९ मध्ये सुचवले. पुढे कार्बन-१२ च्या १२ ग्रॅममधील अणूंची संख्या ही व्याख्या झाली. २० मे २०१९ पासून मात्र वर दिलेला आकडाच व्याख्या म्हणून कायम करण्यात आला आहे.

तोलणे आणि मोजणे यांतला फरक तुम्हाला प्रयोगशाळेत डोळ्यांनी दिसेल. सोडियम हायड्रॉक्साइडच्या ०.१ मोलर द्रावणासाठी, म्हणजे लिटरमध्ये ०.१ मोल असण्यासाठी, लिटरला ४ ग्रॅम लागते. वॉच ग्लासवर त्याच्या पांढऱ्या गोळ्या ठेवल्या की काही मिनिटांत त्या ओलसर होऊन काचेला चिकटू लागतात, कारण त्या हवेतील बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात. तराजूवर ४ ग्रॅम दिसले तरी त्यात हायड्रॉक्साइडचे कण तेवढे नसतात. म्हणूनच ऑक्झॅलिक आम्लाच्या कोरड्या स्फटिकांपासून ०.०५ मोलर द्रावण बनवून त्याच्याशी टायट्रेशन करतात, म्हणजे आम्ल नेमके संपेपर्यंत त्यात हायड्रॉक्साइडचे द्रावण थेंबाथेंबाने सोडून किती लागले ते मोजतात. या आम्लाचा एक रेणू हायड्रॉक्साइडचे दोन घेतो. तेव्हा १० मिलिलिटर आम्लाला ब्युरेटमधून (खुणा केलेल्या, तोटीच्या काचनळीतून) हायड्रॉक्साइडचे १० मिलिलिटर लागायला हवे. आम्ल संपल्याचे दाखवणाऱ्या फिनॉल्फ्थॅलीन या दर्शकाचा फिकट गुलाबी रंग टिकेपर्यंत १०.४ लागले, तर तुमचे द्रावण सुमारे ०.०९६ मोलर आहे, आणि बाटलीवरच्या चिठ्ठीवर ०.१ न लिहिता हाच आकडा लिहावा.